बावडी खाली आहे

इंदूर, ६ जुलै १९५२

ती. यशूताईस नमस्कार.

मायन्यात काही चुकलं असेल तर आत्याला दाखवू नकोस. बारा वर्षं शाळेत शिकवतेस आणि साधा मायना येत नाही, असं तिचं सुरू होईल.

मुद्द्याचं सांगते. तू हातानं लिहून पाठवलेली चिंगीची गोष्ट मी दुसरीच्या वर्गात वाचली. चिंगीचा भाऊ आजारी पडतो, ती औषधी वेल शोधायला निघते आणि पोपट तिला वाट दाखवतो, एवढीशी गोष्ट. पण पोरींनी माझा पदर सोडला नाही. तिथे पुण्यात तुझे प्रकाशक "बघू, बघू" म्हणत तुला झुलवत आहेत ना? मग माझं ऐक, इकडून सुरुवात कर. लेखक दुकानातून मुलांपर्यंत पोहोचत नाही, शाळेतून पोहोचतो आणि शाळेचं दार पालकांच्या हातात असतं. आमच्या शाळेचं पालक मंडळ आहे. त्यांना गोष्ट पटली तर ते छोटी पुस्तिका छापून प्रत्येक मुलीच्या हातात देतील. आमच्याकडे झालं की गावातल्या बाकीच्या मराठी शाळा मागे राहणार नाहीत.

मंडळाचे चिटणीस दिवाकरराव. पूर्वी दरबारच्या दफ्तरात होते. संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यापासून त्यांना एकच धास्ती आहे, की आता मराठी शाळाही जातील. ती धास्ती मलाही आहे, खोटं कशाला बोलू? त्यांच्या अटी अशा: गोष्ट आठ पानांत बसावी, वाक्यं लहान असावीत आणि मुलींना रोज दिसणाऱ्या वस्तू त्यात असाव्यात. म्हणून टेकडी चढण्याचं लांबलचक वर्णन काढ आणि विहिरीऐवजी बावडी कर. इथे पायऱ्यांच्या विहिरीला बावडी म्हणतात.

अजून एक माझ्याकडून. आमच्या मुली घराचा उंबरा ओलांडला की हिंदी बोलतात. मी वाचताना मध्येच एखादा हिंदी शब्द घालून समजावते. छापतानाही घालूया का?

तुझी कुमुद


पुणे, १५ जुलै १९५२

प्रिय कुमुद,

मायना आईनं पाहिला. व्हायचं ते झालं.

टेकडी उडवली. लिहायला तिनं माझा आठवडा खाल्ला होता, पण तुझ्या मंडळापुढे टेकडीचं काय चालणार! मूळ वाक्य होतं, "औषधाची वेल विहिरीपाशी आहे आणि विहीर या टेकडीच्या खाली, आंब्याच्या झाडाजवळ आहे." आता पोपट असं म्हणतो: "वेल बावडीपाशी आहे. बावडी खाली आहे. उतर, घाबरू नकोस." वाचून पाहिलं. खरंच सुटसुटीत झालं आहे. मी उगीच शब्दांची भर घालते हे मला कळत होतं, पण तुझ्याकडून ऐकायला आवडलं नाही.

हिंदी शब्दांचं म्हणशील तर माझं हिंदी टांगेवाल्याशी भाडं ठरवण्यापुरतं. "खाली म्हणजे नीचे" असं वाचताना भातात खडा लागल्यासारखं होतं. पण पोरींना त्यानं कळत असेल तर खुशाल घाल. माझा हट्ट नाही.

हसू नकोस, पण एक सांगते. हे गेल्यापासून मी लिहिते आहे, आणि आजवर माझी गोष्ट फक्त शेजारच्या पोरांनी ऐकली, तीही मी खाऊ देते म्हणून. मी समोर नसताना, कुठल्या तरी घरी, एखाद्या मुलीनं ती आपली आपण वाचावी, एवढंच मला हवं आहे. तेवढं झालं की मी सुटले.

यशूताई


इंदूर, २४ ऑगस्ट १९५२

यशूताई,

पास! मंडळात एकमतानं पास. पुस्तिका छापूनही आली. अक्षर मोठं आहे, कागद बरा आहे.

फक्त हिंदी शब्द राहिले नाहीत. दिवाकररावांनी लाल पेन्सिलनं एकेक छाटला. "बाहेर हिंदी आहेच हो, कुमुदबाई. निदान पुस्तकात तरी पोरींना शुद्ध मराठी भेटू द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. एवढ्या तेवढ्यासाठी कुठे भांडत बसू? गोष्ट छापली गेली हे महत्त्वाचं.

आता तू ये. सप्टेंबरच्या सुरुवातीला आई-वडिलांना शाळेत बोलावतो आहोत. लेखिका समोर उभी राहून गोष्ट सांगते आहे असं आमच्या पोरींनी अजून पाहिलेलं नाही. त्यांना वाटतं, पुस्तकं सरकार लिहितं.

कुमुद


पुणे, १४ सप्टेंबर १९५२

प्रिय कुमुद,

सुखरूप पोचले. सराफ्यातला भुट्ट्याचा कीस अजून जिभेवर आहे, आणि रामबागेतल्या तुझ्या शेजारणींनी इतका आग्रह केला की मी दोन दिवस पेजेवर काढले.

काय सांगू तुला! मी गोष्ट सांगताना पोपट होऊन "बावडी खाली आहे" म्हटलं आणि हात असा खाली नेला, तशा साऱ्या पोरींनी माना वाकवून जमिनीकडे पाहिलं. मागे बसलेल्या त्यांच्या आयांनीही पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, आपलं आयुष्य वाया गेलेलं नाही.

ती शेवटी आलेली बाई तुला आठवते? कडेवर तापलेलं पोर घेऊन दारातच उभी होती. जनाबाई नाव सांगितलं. नवरा कापडाच्या मिलमध्ये आहे, सासरे होळकरांच्या फौजेत होते म्हणाली. "मला वाचता नाही येत, बाईजी, पण माझी प्रेमा कुमुदबाईंच्या वर्गात आहे. याला बुखार आहे तर रात्रभर तीच याच्याजवळ बसली होती, आत्ता झोपली आहे. तिची किताब मला द्या." मी स्वतःच्या हातानं पुस्तिका दिली. ती तिनं पदरात बांधून नेली.

पोरींना मी शब्द दिला आहे, जी पत्र लिहील तिला माझं उत्तर येईल. पत्रं तू एकत्र करून पाठव. आणि वाचू नकोस हं. ती माझी आहेत.

यशूताई


इंदूर, २९ सप्टेंबर

लेखिकाबाईंना नमस्ते.

मी प्रेमलता आहे. दुसरीत आहे. तुम्ही आल्या तेव्हा मी नाही आली. बंडू बीमार होता. तो माझा लहान भाऊ आहे. तो अजून पण बीमार आहे. किताब मी रोज वाचते. मला पाठ झाली. चिंगीने वेल आणली आणि तिचा भाऊ ठीक झाला. आमच्या घराच्या मागे पण बावडी आहे. आई म्हणते ती खाली नाही. तुमची बावडी खाली आहे. मग आमची खाली का नाही? वरून हिरवं हिरवं दिसते. तोता पण येतो पण बोलत नाही. जवाब द्या.

प्रेमलता


पुणे, ६ ऑक्टोबर १९५२

चि. प्रेमलता,

तुझं पत्र सगळ्यांत छान. एवढा चांगला प्रश्न दुसऱ्या कुणीच विचारला नाही.

अगं वेडाबाई, बावडी खालीच असते! वर कशी असेल? तुझी बावडीही खालीच आहे, नीट बघ म्हणजे कळेल. पोपट बोलत नसेल तर आपण त्याच्याशी बोलावं, म्हणजे त्याची भीड चेपते. बंडूला लवकर बरं वाटो. तू चिंगीसारखीच शूर आणि प्रेमळ आहेस.

तुझी लेखिकाबाई


इंदूर, २६ ऑक्टोबर १९५२

यशूताई,

वाईट बातमी आहे. जनाबाईंची प्रेमलता गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरामागच्या बावडीत पाय घसरून पडली. दुपारची वेळ होती, आई धुणं वाळत घालत होती. कुणाला काही ऐकूही आलं नाही. बंडूचा ताप उतरला आहे.

मंडळानं शोकसभा घेतली. पुस्तिकेच्या आणखी प्रती काढून प्रेमलताच्या नावानं दुसऱ्या मराठी शाळांना वाटायचं दिवाकररावांनी ठरवलं आहे. तुझी संमती मागितली आहे.

जास्त लिहवत नाही.

कुमुद


पुणे, १ नोव्हेंबर १९५२

कुमुद,

तिचं पत्र माझ्या उशाशी आहे. तू कळवलंस त्या दिवसापासून जेवण जात नाही. आई म्हणते, ज्या मुलीला तू पाहिलंही नाहीस तिच्यासाठी किती रडशील. पण माझी गोष्ट एकटीनं बसून वाचणारी, मी जिची वाट पाहत होते ती मुलगी तीच होती गं.

प्रतींना माझी संमती आहे. तिच्या नावानं निघणार असतील तर नाही कशी म्हणू?

एक विचारते. आई तिला त्या बावडीकडे जाऊ देत नव्हती, असं तिच्या पत्रावरून वाटतं. इतकी शहाणी मुलगी तिकडे गेली कशी? माझं कार्ड तिला वेळेवर मिळालं होतं ना? काही म्हणाली का ती?

यशूताई


इंदूर, ८ नोव्हेंबर १९५२

यशूताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तू संमती पाठवलीस, आता सांगितलं नाही तर माझ्यासारखी पापी मीच.

सुट्टी संपल्यावर वर्गात मी चिंगीची गोष्ट उघडली. इंदिरा नावाची एक मुलगी तुझ्या कार्यक्रमाला आलेली नव्हती. "बावडी खाली आहे" हे वाक्य तिनं वाचलं. मी सहज विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "म्हणजे बावडीत पाणी नाही, बाई. खाली आहे, रिकामी." बाकीच्या पोरी हसल्या. "नाही बाई, लेखिकाबाईंनी हात असा केला होता." त्यांनी तुझा हात पाहिला होता, ताई. ज्यांनी पाहिला त्यांना कळलं. प्रेमा त्या वेळी घरी झोपली होती.

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. इथे भांडं खाली, टांगा खाली, घर खाली. जनाबाई लेकीला सांगत होती, आपली बावडी खाली नाही, भरलेली आहे, जाऊ नकोस. पोरीनं तेच तुला विचारलं. आणि तू उत्तर दिलंस की बावडी खालीच असते, नीट बघ. वर हिरवी काई, म्हणजे शेवाळ, साचली होती, गवतासारखी दिसते ती. बंडूसाठी वेल शोधायला तिनं काय केलं असेल ते तूच समज.

तुझी कार्डं गठ्ठ्यानं माझ्याकडेच आली होती. कार्ड उघडंच असतं. प्रेमाचं मी वाचलं, मला हसू आलं, आणि ते मी तिच्या हातात दिलं. जन्म इंदुरात गेला माझा, आणि घरी शुद्ध बोलायची सवय म्हणून मला ते दिसलं नाही. "नीचे" घालायचं मला सुचलं होतं. मी भांडले नाही.

दिवाकररावांकडे गेले. ते म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे. दोष रस्त्यावरच्या भाषेचा आहे. आणि कुमुदबाई, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील मराठीनं मुलगी मारली. पुढच्या वर्षी एक आई आपली पोर मराठी शाळेत घालणार नाही. तुम्हाला चालेल?" मी उठून आले. नव्या प्रती प्रेमाच्या नावाच्या काळ्या चौकटीसकट शाळांत गेल्या आहेत.

जनाबाईंना यातलं काही माहीत नाही. कार्ड त्यांनी देवापाशी ठेवलं आहे. मी भेटायला गेले की ते वाचायला लावतात. मी तेवढं वाक्य गाळून वाचते.

कुमुद


पुणे, १३ नोव्हेंबर १९५२

कुमुद,

ती मला विचारत होती आणि मी विनोद केला.

संमती परत घेते. दिवाकररावांना वेगळं पत्र टाकलं आहे. प्रती मागे घेईनात तर ते पान काढून टाक, कसंही कर. भाषा वाचवायची म्हणजे काय वाचवायचं, हे त्यांना विचारायची माझी ताकद नाही. त्यांच्या अटीत बसवलेल्या वाक्यावर मीच खूश झाले होते. सुटसुटीत झालं म्हणाले होते.

सोबत जनाबाईंना पत्र आहे. सगळं लिहिलं आहे. त्यांना वाचून दाखव. मला शिव्या देतील, देऊ देत. त्यांचा तेवढा हक्क आहे.

यशूताई


इंदूर, ३० नोव्हेंबर १९५२

यशूताई,

शाळांतून जाऊन मी वर्गावर्गात ते पान फाडलं. दोन ठिकाणी मुख्याध्यापिकांनी हात धरला, तरी फाडलं. दिवाकररावांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. नोकरीचं व्हायचं ते होवो.

पण दुसरं काम माझ्याच्यानं झालं नाही. तुझं पत्र घेऊन जनाबाईंसमोर बसले. त्यांनी बंडूला मांडीवर घेतलं, डोक्यावरून पदर घेतला, देवाची पोथी ऐकावी तशा बसल्या. मी तोंड उघडलं आणि भलतंच वाचलं. लेखिकाबाईंना फार दुःख झालंय, असं काहीतरी. ताई, मला क्षमा कर. त्यांनी लगेच उत्तर सांगितलं. त्या बोलल्या तसं उतरवलं आहे.

"बाईजी, नमस्कार. तुम्हाला आमची याद आहे, मला बरं वाटलं. तुमचं कार्ड आलं तर प्रेमा पूर्ण गल्लीत नाचली. सगळ्यांना म्हणाली, पुण्याच्या बाईंनी मला लिहिलं. तिचे बाबूजी म्हणाले, आपल्या खानदानात कोणाला असं पत्र नाही आलं. माझं काय, मला तर अक्षर नाही समजत. पण मी हात लावून बघते. आता बंडू ठीक आहे. पुढे शाळेत जाईल. त्याला पण एक कार्ड टाका ना, बाईजी. तुम्ही लिहिलं तर तो शिकेल. तुमचं सगळं ऐकेल तो."

मी काय करू, तू सांग.

कुमुद


पुणे, ६ डिसेंबर १९५२

कुमुद,

खालचं पत्र जनाबाईंना वाचून दाखव. या वेळी वाक्यं लहान आहेत, तुमच्या मंडळाला हवी होती तशी. शेजारच्या गुजराथ्याच्या हिंदी शिकवणाऱ्या सुनेकडून प्रत्येक शब्द तपासून घेतला आहे. एकही गाळू नकोस, एकही घालू नकोस. तुला रडू आलं तर थांब, पाणी पी, आणि पुढे वाच.

जनाबाई,

हे पत्र तुमचं आहे. बंडूचं नाही.

प्रेमानं मला विचारलं होतं, आई म्हणते आमची बावडी खाली नाही, हे खरं का. तुम्ही बरोबर सांगितलं होतं. ती भरी होती.

मला हिंदी येत नाही. पुण्यात खाली म्हणजे नीचे. मला तिचा सवाल समजला नाही. मी हसले. मी लिहिलं, बावडी खालीच असते, नीट बघ. ते त्या कार्डात आहे. कुमुदबाई तेवढं तुम्हाला वाचून दाखवत नव्हत्या. आज त्यांच्याकडून पूर्ण वाचून घ्या. मग ते देवापाशी ठेवायचं की चुलीत घालायचं, तुम्ही ठरवा.

तिचा पाय घसरला नाही. मी लिहिलं म्हणून ती उतरली.

बंडूला मी कार्ड टाकणार नाही. त्याला जे सांगायचं ते तुम्ही सांगा. तो तुमचं ऐकेल. प्रेमाही तुमचंच ऐकत होती, माझं कार्ड येईपर्यंत.

यशोधरा